धाकट्याचा नकार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला भित्रं असून चालत नाही. चौदाव्या मजल्यावरचं दार किल्लीनं उघडायचं, लिफ्टच्या टपावर उतरायचं आणि खाली विहिरीसारखी काळीकुट्ट पोकळी असताना दोरांवरून हात फिरवून एखादी तार तुटलीय का ते चाचपायचं, हे धाकट्याचं रोजचं काम होतं. बावीस वर्षं तो ते शीळ घालत करत आला होता. कंपनीतले सोबती त्याला वटवाघूळ म्हणत. घरी मात्र तो जन्मापासून धाकटाच. लग्न झालं, केस पिकले, तरी ताई त्याला चारचौघांत ‘ए धाकट्या’ अशीच हाक मारायची आणि तोही ‘आलो’ म्हणून उठायचा.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, आई कारखान्यात पाळीवर जायची, तेव्हा धाकट्याला वाढवलं ते ताईनंच. त्याचे पाढे तिनं घोटून घेतले, त्याच्या शर्टाची बटणं तिनं लावली आणि रविवारी सकाळी कानाला धरून चर्चमध्ये नेलं तेही तिनंच. पुढे ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हे तिचं काम. तिच्या नजरेतून एक वेलांटी सुटायची नाही. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “एक पोर वाढवलं, तेवढ्यात हौस फिटली.”

त्या ताईच्या दोन्ही किडन्या सत्तेचाळिसाव्या वर्षी निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडून घ्यायचं आणि रक्त धुऊन घ्यायचं, नाहीतर कुणाची तरी किडनी बसवायची, एवढेच दोन मार्ग उरले.

“धाकट्या, सोमवारी उपाशीपोटी ये. तुझं रक्त तपासायचंय,” ताई फोनवर म्हणाली. तो गेला. रक्त जुळलं. मग लघवी, मग पोटाचे फोटो, मग हृदय. दोन महिने तपासण्या चालल्या आणि सगळ्यांत तो पहिल्या नंबरानं पास झाला. दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, “तुमच्या किडन्या काचेच्या कपाटात मांडून ठेवाव्यात अशा आहेत!” ताईनं ते चर्चमध्ये झाडून सगळ्यांना सांगितलं.

त्या दिवसांत धाकट्याची छाती फुगलेली असायची, खोटं कशाला बोला. पण ऑपरेशनची तारीख ठरली आणि सह्या करायचे कागद घरी आले. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: दात्याचा मृत्यू, सुमारे तीन हजारांत एक. वाचणाऱ्यानं वाचून पुढं जावं अशी ओळ. धाकटा तिथंच अडकला. बावीस वर्षांत तो तीन हजारांहून कितीतरी जास्त वेळा टपावर उतरला होता. म्हणजे इतक्या वेळांतली एक वेळ. ती एक वेळ त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. कामावर निदान हातात पाना असतो, पायाखाली काय आहे ते दिसतं. इथं भूल घेऊन आडवं पडायचं आणि आपला जीव दुसऱ्यांच्या हाती सोपवायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याची शीळ बंद झाली. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, “घसा बसलाय.”

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी दात्याच्या बाजूची डॉक्टर त्याला एकट्याला भेटली. ही डॉक्टर वेगळी असते. तिनं आजारी माणसाचा नाही, फक्त देणाऱ्याचा विचार करायचा. तिनं दार लावून घेतलं.

“इथं तुमच्या घरचं कुणी नाही. मनापासून द्यायची आहे का?”

‘हो’ म्हणायलाच त्यानं तोंड उघडलं होतं. “नाही,” तो म्हणाला. आवाज आपलाच आहे हे त्याला क्षणभर पटेना.

डॉक्टर चिडली नाही, की समजूतही घालत बसली नाही. “बरं. बाहेर आम्ही एवढंच सांगू, की तुम्ही योग्य ठरला नाहीत. कारण आम्ही कुणाला सांगत नाही. तुम्हीही सांगायची गरज नाही.”

तेवढ्यावर तो गप्प राहिला असता तरी निभावलं असतं. बाहेर बाकावर ताई बसली होती, मांडीवर मुद्रितांचा गठ्ठा, हातात लाल पेन्सिल.

“काय म्हणाल्या?”

“जमणार नाही म्हणे.”

“का?”

ताईच्या ‘का’पुढं धाकट्याचा टिकाव कधीच लागला नव्हता. शाळेत असताना शेजाऱ्यांची काच फुटली तेव्हा नाही, की पहिल्यांदा सिगरेट ओढली तेव्हा नाही. पण या वेळी खरं बाहेर यायच्या आधी खोटंच धावत आलं.

“माझ्याच किडनीत काहीतरी आहे. सावली दिसतेय.”

ताईच्या हातातली पेन्सिल गळून पडली. पुढ्यात आलेला घास त्या क्षणी हिरावला गेला होता तिचा. आणि तिनं पहिलं काय विचारावं?

“तुला काही होणार नाही ना रे?”

तिनं तिथंच, लोक बघत असताना, त्याचं डोकं छातीशी धरलं. धाकट्याला वाटलं, भुईनं आत्ता दुभंगावं आणि आपल्याला पोटात घ्यावं. भुईला काही पडलेली नव्हती.

त्यानंतर धाकटा ताईच्या सेवेला असा लागला, की बघणाऱ्यांनी बघत राहावं. मंगळवार, गुरुवार, शनिवार तो तिला गाडीतून दवाखान्यात न्यायचा, चार तास शेजारी स्टुलावर बसायचा, घरी आणून सोडायचा. त्यासाठी त्यानं कंपनीत पहाटेची पाळी मागून घेतली. चर्चच्या गायनवृंदात तो खालच्या पट्टीत गायचा, ते सोडलं. तलावावर पोहायला जायचा, ते सोडलं. बायकोबरोबर सुट्टीत कुठं जाणं तर बंदच झालं. कुणाचा नळ गळतोय, कुणाच्या म्हातारीला जिना चढवायचाय, की बोलवा धाकट्याला. तो नाही म्हणायचा नाही. एकदा ‘नाही’ म्हणून बसला होता, आता त्याची तोंड उघडायची हिंमत नव्हती. त्याची एक दाढ आठ महिने ठणकत होती, तीही त्यानं दाखवली नाही. दुखतेय तर दुखू दे, दुखायलाच हवी, असं त्याचं चाललं होतं. लोक म्हणत, “काय माणूस आहे! दुसऱ्यांसाठी झिजतोय नुसता.” तसं कुणी म्हणालं, की घास त्याच्या घशात अडकायचा.

आणि घासाचीही गंमतच होती. ताईला मीठ बंद. पण धाकट्याच्या किडनीत सावली आहे म्हटल्यावर तिनं त्याचंही मीठ बंद करून टाकलं. शनिवारी दवाखान्यातून आले, की ती त्याला जेवायला बसवायची आणि समोर ठेवायची ती अळणी उसळ, अळणी भात. “तू आत्तापासून सांभाळ. माझ्यासारखी वेळ तुझ्यावर नको यायला.” ठणठणीत तब्येतीचा माणूस तीन वर्षं मान खाली घालून ते अळणी जेवण जेवत राहिला. एकदा बायकोनं त्याला स्वयंपाकघरात गुपचूप लोणच्याची बरणी उघडताना पकडलं, तर तो लहान मुलासारखा दचकला. बायको हसली. त्याला रडू आलं, ते का, हे मात्र तिला कळेना.

तिसऱ्या वर्षीच्या एका रविवारी या सगळ्याला तोंड फुटलं.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी विषय घेतला होता प्रीतीचा. आपण स्वतःवर करतो तशीच शेजाऱ्यावरही करायची, ही प्रभूची आज्ञा लहानपणापासून सगळ्यांच्या तोंडपाठ. पाळकसाहेब उंच, किडकिडीत, बोलताना चष्मा सारखा वर सरकवणारे. ते म्हणाले, “या आज्ञेचं निम्मंच आपण ऐकतो. शेजाऱ्यावर, एवढंच. पण त्यात स्वतःसारखी असंही आहे. आता एखादा माणूस स्वतःचाच तिरस्कार करत असेल आणि त्यानं शेजाऱ्याला स्वतःसारखंच वागवायचं ठरवलं, तर त्या शेजाऱ्यानं घर बदललेलं बरं.”

लोक हसले. ताई तर मोठ्यानं हसली. धाकटा हसला नाही.

मग प्रार्थनेची वेळ आली. कुणाला कशासाठी विनंती करायची असेल तर उठून सांगावं, अशी तिथली पद्धत होती. ताई बाकाचा आधार घेत उठली. मशीनच्या सुया टोचून टोचून तिच्या डाव्या हाताची शीर दोरासारखी फुगली होती. तोच हात तिनं धाकट्याच्या खांद्यावर ठेवला.

“मी स्वतःसाठी काही मागत नाही. मला मशीन आहे. पण माझ्या भावाच्या किडनीवर सावली आहे. तीन वर्षं मी रोज सकाळी ती जावी म्हणून मागते आहे. आज तुम्ही सगळे माझ्याबरोबर मागा.”

माणसं उठली. मागच्या बाकावरचा शिंपी, शाळेतल्या बाई, पोस्टातले काका, सगळ्यांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी डोक्यावर. शिंप्यानं तर बरोबर किडनीच्या जागी, कमरेवर तळवा टेकवला आणि डोळे मिटून पुटपुटू लागला. तो तळवा धाकट्याला इस्त्रीसारखा भाजत होता. इतक्या माणसांनी मिळून देवाकडे मागणं मागायचं, आणि तेही नसलेल्या दुखण्यासाठी! त्याला दरदरून घाम फुटला. लोकांना वाटलं, गुण येतोय.

सगळे गेल्यावर पाळकसाहेब जादा मांडलेल्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावत होते. धाकटाही लावू लागला. चार खुर्च्या झाल्या, पाच झाल्या, आणि सहावी हातात धरून त्यानं सगळं सांगून टाकलं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

“देव क्षमा करतो, हे मी तुम्हाला आत्ता सांगू शकतो,” ते म्हणाले. “नाही म्हणालात त्याची तर तुम्ही समजता तेवढी मोठी क्षमाही लागणार नाही. शरीर तुमचं होतं, मागितलेलं तुम्हाला देववलं नाही. पण ताईंच्या तीन वर्षांच्या प्रार्थनेचं काय करायचं, ते माझ्या हातात नाही. ते त्यांचं त्यांना विचारावं लागेल.”

“सांगितलं तर तिला किती लागेल!”

“लागेलच. आणि हे बघा, सांगाल तेव्हा त्यांची सोय बघून सांगा. तुमची नको.”

हा शेवटचा सल्ला धाकट्याच्या कानात शिरला, पण डोक्यात शिरला नाही. बायकोला त्यानं त्याच दुपारी सांगितलं. ती कपडे घड्या घालत होती, घालतच राहिली. मग म्हणाली, “अहो, तुमची किडनी चालणार नाही असं कळलं, त्या दिवशी मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले होते. ताईंचा विचारही केला नाही. ते कुणाला सांगू मी?” आणि थोड्या वेळानं, “तीन वर्षं तुम्ही स्वतःला फोडून काढताय. त्या घरात मीही राहते हो.” एका खोट्याखाली आणखी कोण कोण चिरडलं गेलंय, याचा त्यानं विचारच केला नव्हता.

ताईला त्यानं मंगळवारी सांगितलं, मशीन सुरू झाल्यावर. दोन सुया हातात, नळ्यांतून रक्त फिरतंय, उजव्या हातात लाल पेन्सिल. त्यानं स्टूल जवळ ओढलं आणि एका दमात बोलला. सावली नव्हती. मी घाबरलो. मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

ताईनं पेन्सिल खाली ठेवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला, इतका, की मशीनचा आकडा बघायला परिचारिका आली.

“किती वाजले?” ताईनं विचारलं.

“पावणेतीन.”

“म्हणजे अजून सव्वातीन तास मी इथं बांधलेली आहे. उठून जाता येत नाही, तुझ्या थोबाडीत मारता येत नाही, की तोंड लपवून रडता येत नाही. बरी जागा शोधलीस.” ती त्याच्याकडे बघत नव्हती. “पडदा ओढ आणि बाहेर जा. मला घरी न्यायला तू यायचं नाहीस.”

पाळकसाहेब काय म्हणाले होते, ते त्याला तेव्हा कळलं. कबुलीसुद्धा त्यानं स्वतःचं ओझं उतरवायला दिली होती, आणि उतरवलं होतं ते थेट तिच्या अंगावर.

सव्वा महिना ताई त्याच्याशी बोलली नाही. गुरुवार-शनिवारी दवाखान्याची गाडी तिला न्यायची, मंगळवारी धाकट्याची बायको बरोबर जायची. तिच्याशी ताई नेहमीसारखी बोलायची, फक्त धाकट्याचा विषय निघाला, की मुद्रितात डोकं घालायची. धाकट्यानं एक दिवस रजा टाकली आणि त्या डॉक्टरकडे गेला. म्हणाला, “आता घ्या. आजच्या आज कागद द्या, सही करतो.”

डॉक्टरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “तेव्हा भीतीनं नाही म्हणालात. आज शरमेनं हो म्हणताय. या दोन्हींवर मी कुणाला टेबलावर घेत नाही. सहा महिन्यांनी या. तेव्हाही वाटलं तर बोलू.”

तो बाहेर आला आणि तीन वर्षांपूर्वी ताई बसली होती त्या बाकावर बसून राहिला. शिक्षासुद्धा कुणी द्यायला तयार नव्हतं.

मग एका सकाळी तो एका कचेरीच्या इमारतीत काम करत होता. खालच्या मजल्यावर लिफ्टच्या दाराच्या खाचेत कागदाचे बोळे, टाचण्या, केसांची पिन असलं काय काय अडकलं होतं, ते तो गुडघ्यावर बसून उकरत होता. समोर दोन पाय येऊन थांबले. चपला त्यानं ओळखल्या.

धाकट्याच्या बायकोकडून पत्ता घेऊन आलेल्या ताईला पहारेकऱ्यानं आपली खुर्ची दिली. धाप ओसरेपर्यंत ती टेकून बसली. तो गुडघ्यावरच होता.

“उठ, नाटकं करू नकोस,” ताई म्हणाली. तो तिथंच पायरीवर बसला.

“तू दिली नाहीस, याचं मला वाईट वाटलं. वाटणारच. मला जगायचंय रे, फार जगायचंय. त्याहून राग आला तो त्या सावलीचा. सकाळी डोळे उघडले, की पहिली तुझी काळजी. मीठ चाखायचं नाही, पाणी मोजून प्यायचं, आणि वर तुझं ओझं. ते तू मला वाहू दिलंस. शेजारी स्टुलावर बसून बघत राहिलास.”

“चुकलं, ताई.”

“चुकलंच. ते मी पुसणार नाही.” तिनं पदराच्या टोकाशी चाळा केला. “पण दुसरीही एक चूक आहे, ती माझ्या नजरेतून सुटली होती. मी तुला विचारलंच नव्हतं. ‘सोमवारी ये’ म्हणाले. जशी ‘हात धू’ म्हणायचे, ‘पाढे म्हण’ म्हणायचे. देशील का, असं एकदाही विचारलं नाही. का नाही विचारलं, सांगू? तू नाही म्हणालास तर, म्हणून. तुझ्या तोंडाकडे मी मुद्दाम बघत नव्हते.”

धाकट्यानं मान वर केली. आपल्या ताईला कधी कुणाची भीती वाटली असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“मी आता देतो, ताई.”

“दंड म्हणून दिलेली किडनी मला पोटात नको. ती तिथं बसून रोज मला टोमणे मारील.” ती स्वतःच किंचित हसली, मग पुन्हा गंभीर झाली. “ऐक. मंगळवारी तू येत जा. गुरुवार-शनिवार गाडी येते, ती बरी आहे, ड्रायव्हर विनोद सांगतो. ते दोन दिवस तुझे. पोहायला जा, बायकोला कुठं तरी ने. आणि ती दाढ काढून घे. गाल बघ कसा झालाय.”

“माफ केलंस?”

ताईनं विचार केला. ती खोटं बोलणारी नव्हती.

“अजून नाही. पण आले ना.”

दाढ काढली. शनिवारी तो तलावावर गेला, तर पाण्यात उतरायलाच त्याला लाज वाटली. बहीण मशीनवर आणि आपण पोहतोय! काठावर तासभर बसला आणि परत आला. पुढच्या शनिवारी उतरला. दोन फेऱ्यांतच दम लागला. अपराधीपणा गेला नव्हता, पाण्यातही बरोबरच होता. पण पोहताना त्याला हातपाय तरी हलवावे लागत होते.

सहा महिने व्हायला अजून अवकाश होता. त्याच सुमाराला मंगळवारी ताईच्या शेजारच्या खुर्चीत एक घड्याळजी यायला लागला. त्याची बायको गोलसर, सतत पर्स उघडझाप करणारी. नवरा झोपला, की ती धाकट्याशी बोलायची. एकदा हळूच म्हणाली, “माझी जुळतेय म्हणतात. पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरीणबाईंना भेटायचंय. तुम्ही भाऊ ना यांचे? तुमची नाही जुळली?”

धाकट्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं मुद्रितावरून नजर काढली नाही. “सांग तिला. माझं ऐकायचं काही राहिलेलं नाही.”

मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, परिचारिकेचं कौतुक, ती ओळ, ते ‘नाही’, ती सावली, कमरेवरचा शिंप्याचा हात. बाई पर्स बंद करायची विसरली.

“म्हणजे मी देऊ, की नको?”

“ते मी कोण सांगणार? तुम्हाला देववली तर द्या. पण त्या खोलीत जाल तेव्हा नवऱ्याला मनातूनसुद्धा बाहेर बसवा. आणि हो निघो, नाही निघो, बाहेर आल्या आल्या स्वतःच्या तोंडानं सांगा. पहिल्या मिनिटाला. दुसऱ्या मिनिटाला फार अवघड होऊन बसतं.”

बाई डोळे पुसत चहा आणायला गेली. घड्याळजी घोरत होता. ताईनं एक ओळ खोडली, समासात काहीतरी लिहिलं, आणि मान वर न करताच बोलली.

“पहिल्या मिनिटाला सांगितलं असतंस ना, तर मी तिथंच तुझ्या कानाखाली आवाज काढला असता.”

“माहीत आहे.”

“आणि मग घरी नेऊन जेवायला वाढलं असतं.”

हे मात्र धाकट्याला माहीत नव्हतं. ताईनं मुद्रिताचं पान उलटलं आणि पेन्सिलीला टोक काढायला त्याच्याकडे दिली.